पावसाळ्यात दरवर्षी उद्भवणारा क्लचचा त्रास : टर्बो पेट्रोल मॅन्युअल गाडीत नेमका दोष कसा शोधावा

जून सुरू झाला की ही तक्रार वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येऊ लागते. रात्रभर पावसात उभी असलेली गाडी सकाळी पहिल्या गिअरमध्ये निघताना थरथरते, रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो, किंवा घाटात चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की आरपीएमचा काटा वर जातो आणि वेग मात्र वाढत नाही. गाडी गॅरेजमध्ये पोहोचते तोवर इंजिन तापलेले असते, क्लच वाळलेला असतो आणि मेकॅनिकच्या हाताला काहीच लागत नाही. त्यामुळे एक तर ‘पावसात असे होतेच’ असे सांगून गाडी परत दिली जाते किंवा थेट पूर्ण क्लच सेट बदलण्याचा सल्ला मिळतो. दोन्ही निर्णय निदान न करताच घेतलेले असतात. पाणी आत येण्याची वाट तशीच राहिल्यामुळे नवी क्लच प्लेट बसवलेल्या गाडीतही पुढच्या पावसाळ्यात तोच त्रास पुन्हा दिसतो.

येथे विचार केला आहे तो एका सुक्या क्लच प्लेटच्या मॅन्युअल गिअरबॉक्सचा आणि जोरकस टर्बो पेट्रोल इंजिनाचा. आपल्याकडे सहज दिसणारे उदाहरण म्हणजे फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया यांचे १.५ लिटर टीएसआय इंजिन, जे १५० पीएस शक्ती आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क देते. हा टॉर्क सुमारे १,६०० आरपीएमपासूनच पूर्ण मिळू लागतो, आणि क्लचच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट तीच आहे. क्लच किती टॉर्क पेलू शकतो हे प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेटला इंजिनाच्या बाजूला दाबून धरणाऱ्या चकतीचा) दाब, प्लेटची त्रिज्या, घर्षणाचे दोन पृष्ठभाग आणि घर्षण गुणांक यांवर ठरते. सेंद्रिय अस्तराच्या सुक्या प्लेटचा घर्षण गुणांक साधारण ०.३ ते ०.४ असतो. अस्तर दमट झाले किंवा त्यावर गंजाचे अथवा तेलाचे पुट आले की तो बदलतो. लहान इंजिनाच्या गाडीत क्लचची राखीव क्षमता इतकी असते की थोडी घट चालकाला जाणवतही नाही. ईसीयू रीमॅप करून (इंजिनाच्या संगणकाचा प्रोग्राम बदलून) टॉर्क वाढवलेल्या गाडीत मात्र ती राखीव क्षमता आधीच संपवलेली असते, त्यामुळे उन्हाळाभर कसाबसा तग धरलेला क्लच पहिल्या जोरदार पावसानंतर उघडा पडतो. अशा वेळी पाऊस निमित्त असतो, मूळ कारण वाढवलेला टॉर्क किंवा झिजलेली प्लेट असते, आणि हा फरक ओळखता आला तर निम्मे निदान तिथेच होते.

घसरते आहे ते चाक की क्लच?

ओल्या रस्त्यावर सर्वांत जास्त फसगत इथेच होते. पुढच्या चाकांना ताकद देणारी टर्बो गाडी दुसऱ्या गिअरमध्ये एकदम दाबली, तर ओल्या डांबरावर चाके सहज फिरू लागतात. आरपीएम झपकन चढतो, पुढून धडधड जाणवते आणि चालकाला वाटते की क्लच गेला. चाक घसरत असेल तेव्हा ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकतो आणि बहुतेक गाड्यांत आरपीएमच्या काट्याबरोबर स्पीडोमीटरचा काटाही उडी मारतो, कारण इंजिन आणि फिरणारे चाक यांचे नाते तुटलेले नसते. क्लच घसरत असेल तर नेमके तेच नाते तुटते: आरपीएम चढतो, वेगाचा काटा मात्र आपल्याच गतीने सरकत राहतो आणि ट्रॅक्शनचा दिवा लागत नाही.

खात्रीची चाचणी कोरड्या, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावरच करावी. गाडी चौथ्या गिअरमध्ये सुमारे २,००० आरपीएमवर स्थिर चालवावी आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. कमी आरपीएम आणि वरचा गिअर यासाठी, की तिथे इंजिन पूर्ण टॉर्क देते पण गाडीवरचा भार जास्त असल्याने वेग हळू वाढतो, आणि दुर्बळ क्लच त्या ताणाखाली सर्वांत आधी सुटतो. एकाच गिअरमध्ये आरपीएम आणि वेग यांचे प्रमाण कायम राहिले पाहिजे. ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकातील माहिती वाचण्याच्या जोडणीला) जोडायचे साधे उपकरण असेल तर दोन्ही आकडे एकत्र नोंदवून घ्यावेत. ते नसेल तर शेजारी बसलेल्या व्यक्तीने मीटरचे मोबाइलवर चित्रीकरण केले तरी पुरते. हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडते का ते पाहायचे, ही जुनी गॅरेजमधील चाचणी मी टाळण्यास सांगेन. ती एकदा केली तरी प्लेट भयंकर तापते, आणि आधीच दुर्बळ असलेल्या क्लचला ती शेवटचा धक्का ठरू शकते.

थरथरीच्या बाबतीतही असाच एक भ्रम आहे. पावसात इग्निशन कॉइलच्या खाचेत ओल शिरली की एखादा सिलिंडर मिसफायर करतो आणि गाडी झटके देते. क्लच पेडलवरून पाय पूर्ण काढल्यानंतर, म्हणजे प्लेट पूर्ण पकडलेली असताना, झटके चालूच राहत असतील तर क्लचकडे बघण्यात अर्थ नाही. कॉइल, स्पार्क प्लग आणि इंजिनचे माउंट तपासावेत. क्लचची थरथर ही फक्त हाफ क्लचच्या टप्प्यात जाणवते.

त्रास केव्हा येतो आणि केव्हा जातो

माझ्या मते निदानाचा खरा पाया ही नोंद आहे. फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती) आणि प्रेशर प्लेट यांचा घर्षणाचा पृष्ठभाग बिडाचा असतो आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळी हवेत त्यावर एका रात्रीत गंजाचा पातळ थर येतो, अगदी ब्रेक डिस्कवर येतो तसाच. शिवाय प्लेटचे अस्तर हवेतील ओल शोषून घेते. म्हणून सकाळी पहिल्या तीन-चार वेळा गाडी उचलताना थरथर जाणवली आणि नंतर दिवसभर पूर्ण गेली, तर त्यासाठी गिअरबॉक्स उतरवण्याची गरज नाही. गाडी शांतपणे उचलत राहिल्यास तो थर आपोआप घासला जातो.

हीच थरथर इंजिन तापल्यावरही राहत असेल, किंवा उलट तापल्यानंतरच वाढत असेल, तर ती पावसाची नाही. तेव्हा फ्लायव्हीलवरचे जळके काळे-निळे डाग, अस्तरावर गेलेले तेल, सैल झालेले ड्युअल मास (दोन भागांचे) फ्लायव्हील किंवा फाटलेले माउंट यांचा विचार करावा लागतो. साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यानंतर लगेच क्लच घसरू लागला आणि दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालवल्यावर पकड पूर्ववत झाली, तर बेल हाउसिंगमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधील, क्लच असलेल्या कवचात) पाणी शिरले होते, इतके निश्चित म्हणता येते. पकड परत आली म्हणून विषय संपत नाही, कारण पाण्याबरोबर गेलेला गाळ आतच राहतो आणि रिलीज बेअरिंगचे (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचे) ग्रीस धुऊन निघालेले असू शकते. पेडल दाबल्यावर किणकिण किंवा घरघर सुरू होणे आणि पेडल सोडल्यावर ती थांबणे, हे त्याचे पुढचे लक्षण.

सकाळच्या त्रासाचे निदान दुपारी होत नाही. गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये उघड्यावर ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने स्वतः ती थंड अवस्थेत प्रथम उचलावी, असा आग्रह धरावा. जॉब कार्डवर नुसते ‘क्लच प्रॉब्लेम’ लिहून घेण्याऐवजी कोणत्या गिअरमध्ये, किती वेळ उभी राहिल्यावर, इंजिन थंड असताना की गरम, आणि किती वेळात त्रास गेला, हे लिहून घ्यावे.

गिअर पडत नाही, तेव्हा

क्लच न सुटणे ही घसरण्याच्या नेमकी उलट तक्रार आहे, तरी दोन्हींवर सरसकट ‘क्लच प्लेट गेली’ हे एकच उत्तर दिले जाते. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबावा, पाच-सहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअरचे वेग जुळवणारा भाग) नसतो, त्यामुळे प्लेट किंचित जरी ओढली जात असेल तरी करकर ऐकू येते. नंतर इंजिन बंद करून सर्व गिअर टाकून पाहावेत. बंद इंजिनावर ते सहज पडत असतील तर गिअरबॉक्स बहुधा ठीक आहे आणि दोष क्लच सुटण्यात आहे.

पुढचा प्रश्न असा, की पेडल दोन-तीन वेळा भराभर दाबल्यावर गिअर पडतो का? पडत असेल तर हायड्रॉलिक यंत्रणेत हवा आहे किंवा मास्टर (पेडलकडच्या) अथवा स्लेव्ह (क्लचकडच्या) सिलिंडरचे रबर सील गेले आहे. त्याने काहीच फरक पडत नसेल आणि पेडल नेहमीसारखे घट्ट लागत असेल, तर प्लेट गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर मोकळेपणाने सरकत नाही किंवा फ्लायव्हीलला चिकटली आहे. शाफ्टवरच्या खाचांना, म्हणजे स्प्लाइनना, गंज चढला की प्रेशर प्लेट मागे हटूनही क्लच प्लेट जागची हलत नाही. हा दोष दमट हवेत हळूहळू वाढतो आणि कोरड्या महिन्यांत कमी झाल्यासारखा वाटतो, म्हणून दरवर्षी येणाऱ्या तक्रारीत त्याच्यावर संशय आधी घ्यावा.

पंधरा-वीस दिवस पावसात उभी राहिलेली गाडी सुरू होते, पण कोणताच गिअर पडत नाही, अशी अवस्था असेल तर प्लेट गंजाने चिकटली आहे. आधी गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करून इंजिन पूर्ण तापू द्यावे, कारण उष्णता बेल हाउसिंगपर्यंत पोहोचली की काम सोपे होते. मग इंजिन बंद करून, समोर पुरेशी मोकळी आणि सपाट जागा आहे आणि जवळपास कोणीही नाही याची खात्री करून, दुसरा गिअर टाकावा आणि क्लच दाबूनच स्टार्टर मारावा. गाडी लगेच पुढे सरकू लागेल हे गृहीत धरून ब्रेकवर पाय तयार असावा. क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर हलकेच दाबणे आणि सोडणे, असे काही वेळा केले की प्लेट बहुधा सुटते. पार्किंगच्या चिंचोळ्या जागेत, भिंतीसमोर किंवा उतारावर हा प्रयोग मुळीच करू नये. काही प्रयत्नांत ती सुटली नाही तर गाडी टोइंगने न्यावी. जोर लावत राहिल्यास अस्तर प्लेटपासून उखडून येऊ शकते. सेरामिक किंवा सिंटर्ड धातूचे ठोकळे असलेली रेसिंगची प्लेट बसवली असेल तर चिकटण्याचा धोका आणखी वाढतो. ट्रॅकवर ती प्लेट उत्तम काम करते, पण चार महिने पावसात उघड्यावर राहणाऱ्या आणि रोज शहरात चालणाऱ्या गाडीत ती बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेडल मऊ पडले असेल तर

अनेक युरोपीय बनावटीच्या गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच टाकीतले द्रव वापरतात, ज्याला आपण सारे ब्रेक ऑइल म्हणतो. टाकीत क्लचची नळी ब्रेकच्या मानाने वर असते, जेणेकरून गळती झाल्यास आधी क्लच जावा आणि ब्रेक शाबूत राहावेत. त्यामुळे क्लचचे पेडल अचानक खाली बसले तर पहिले पाऊल म्हणजे टाकीतली पातळी पाहणे, आणि ती कमी असेल तर गाडी न हलवणे, कारण पुढची पाळी ब्रेकची असते.

हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो, असे मानकच सांगते. घाटातल्या वाहतूक कोंडीत तासभर हाफ क्लचवर गाडी रांगली की बेल हाउसिंगच्या आत बसवलेला स्लेव्ह सिलिंडर खूप तापतो, जुन्या द्रवात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडते. गाडी अर्धा तास थांबली की सगळे पूर्ववत होते. असे घडत असेल तर दर दोन वर्षांनी द्रव बदलण्याचा नियम पाळला गेला आहे का ते पाहावे. ब्रेकचे द्रव बदलताना क्लचच्या लाइनमधील हवा आणि जुने द्रव काढण्याचे काम गॅरेजमध्ये सर्रास राहून जाते, म्हणून ते वेगळे सांगून करून घ्यावे.

पावसाळ्यात पायाशी असलेले मॅट ओले दिसले की लोक त्याला छत्रीचे पाणी समजतात. पेडलच्या वरच्या बाजूने, फायरवॉलच्या कडेने ओघळ येत असेल तर बोट लावून पाहावे. पाणी पटकन वाळते. ब्रेकचे द्रव बुळबुळीत लागते, वाळत नाही आणि रंगाला लागल्यास रंग उतरवते. म्हणून बोट लगेच धुवावे. ते द्रव असेल तर मास्टर सिलिंडर गळतो आहे. निव्वळ पाणी असेल तर विंडशील्डखालच्या पन्हाळीत पाने अडकून निचरा बंद झाला आहे का, किंवा सनरूफच्या निचरा नळ्या तुंबल्या आहेत का ते पाहावे.

पाणी, तेल आणि आत येण्याची वाट

पाण्याने आलेली घसरण वाळल्यावर जाते, तेलाने आलेली जात नाही. बऱ्याच गाड्यांत बेल हाउसिंगच्या तळाशी एक लहान भोक असते. गाडी लिफ्टवर घेतल्यावर त्याखाली काय ओघळले आहे हे पाहणे, हे या साऱ्या तपासणीतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त माहिती देणारे काम आहे. तांबूस चिखल दिसला तर पाणी आणि गंज. काळसर, पातळ तेल दिसले तर क्रँकशाफ्टचे मागचे सील. गंधकासारखा उग्र वास येणारे, दाट तेल असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील. अस्तरात तेल मुरलेली प्लेट पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू नये. ती थोडे दिवस चालते आणि तापल्यावर मुरलेले तेल पुन्हा वर येते.

आता पाणी येते कुठून? क्लच फोर्क (पेडलची हालचाल क्लचपर्यंत पोहोचवणारा दांडा) बाहेरून येणाऱ्या रचनेत त्याभोवतीचा रबरी बूट फाटलेला असतो. कुठे इंजिनखालचे संरक्षक आवरण एखाद्या स्पीडब्रेकरला घासून तुटलेले असते आणि नंतर बसवलेलेच नसते. स्प्रिंग कापून खाली बसवलेल्या गाड्यांत हे फार आढळते. बेल हाउसिंग आणि इंजिन यांच्यामधला पातळ पत्रा मागच्या कामाच्या वेळी विसरलेला असू शकतो. सर्व्हिसिंगच्या वेळी खालून मारलेला प्रेशरचा फवारा याच फटींतून आत जातो, त्यामुळे ‘गाडी पाण्यातून नेलीच नाही’ असे मालक म्हणत असला तरी आत पाणी असू शकते. पावसाळ्यापूर्वी गंज लागू नये म्हणून खालून तेलकट फवारा मारून घेतला असेल आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत क्लच घसरू लागला असेल, तर त्या फवाऱ्याचीही चौकशी करावी.

गिअरबॉक्सच्या ब्रीदरकडेही (आतली हवा ये-जा करण्याच्या वाटेकडेही) लक्ष द्यावे. गरम गिअरबॉक्स एकदम थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ दिसले तर ते ताबडतोब बदलावे, क्लच कितीही चांगला चालत असला तरी. साचलेल्या पाण्यातून जावेच लागले तर पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून, एकसारख्या वेगाने जावे. पाण्यात असताना क्लच दाबला की प्लेट आणि फ्लायव्हील यांच्यात फट पडते आणि तिथे पाणी व गाळ शिरायला वाव मिळतो.

एवढ्या तपासण्यांनंतर गिअरबॉक्स उतरवायचे ठरले तर ते काम अर्धवट करू नये, कारण मजुरीचा मोठा भाग उतरवण्या-चढवण्याचाच असतो. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदलावेत. स्लेव्ह सिलिंडर आत असेल तर तोही बदलावा. स्प्लाइन तारेच्या ब्रशने साफ करून, उत्पादकाने सांगितलेल्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा आणि प्लेट एकदा सरकवून बाहेर आलेले जादा ग्रीस पुसून टाकावे, कारण ते फिरताना अस्तरावर उडते. काही निर्माते निकेलचा मुलामा असलेल्या प्लेटला ग्रीस लावूच नका असे सांगतात, तेव्हा सेटबरोबरचे सूचनापत्र वाचल्याशिवाय हात लावू नये. फाटलेला बूट आणि हरवलेला पत्रा त्याच दिवशी बसवून घ्यावा. नव्या प्लेटवर पहिले काही शे किलोमीटर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊ नये.

डीएसजी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या) गाडीच्या मालकांनी हा सारा मजकूर आपल्या गाडीला जसाच्या तसा लावू नये. सात गिअरच्या डीक्यू२०० मध्ये दोन सुके क्लच असतात, म्हणून दमट सकाळची सुरुवातीची थरथर तिथेही संभवते. मात्र तिथे क्लच कधी आणि किती पकडायचा हे मेकॅट्रॉनिक (गिअरबॉक्सचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण युनिट) ठरवते, त्यामुळे संगणकावर क्लचचे अनुकूलन तपासल्याशिवाय काही उघडू नये. सहा गिअरच्या डीक्यू२५० मधले क्लच तेलातच बुडालेले असतात. त्यांना पावसाच्या ओलीचा फरक पडत नाही, आणि तिथे थरथर आली तर आधी दर ६०,००० किलोमीटरला होणारा तेल व फिल्टरचा बदल झाला आहे का, ते सर्व्हिसच्या नोंदीत पाहावे.